जायफळाच्या बेटांवर एक दिवस

इंटरनेटवर दर काही महिन्यांनी एक गोष्ट फिरत येते. डावीकडे मॅनहॅटनच्या गगनचुंबी इमारतींचा फोटो, उजवीकडे निळ्या समुद्रातल्या एका हिरव्या ठिपक्याचा. खाली लिहिलेलं असतं की १६६७ साली डचांनी हे देऊन ते घेतलं, इतिहासातला सगळ्यात खुळा सौदा. ऑफिसच्या ग्रुपवर मला ती किमान तीनदा आली आहे, आणि प्रत्येक वेळी खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागलेली होती. त्या हिरव्या ठिपक्याचं नाव रुन. गोष्ट अगदीच खोटी नाही, पण तिच्यात दोन देश आहेत, दोन बेटं आहेत, नफा-तोटा आहे आणि माणूस एकही नाही. न्यूयॉर्कच्या बाजूला लेनापे लोक होते, तेही नाहीत. रुनच्या बाजूचे तर नाहीतच.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी रुनला जाऊन आलो. रुन इंडोनेशियाच्या बांदा द्वीपसमूहात आहे. (आपल्या सावंतवाडीजवळच्या बांद्याशी याचा काही संबंध नाही, पण आईला फोनवर हे समजावताना बराच वेळ गेला.) नकाशात जावा बेटापासून पूर्वेकडे सरकत राहायचं, सुलावेसी ओलांडायचं, अंबोन सापडेपर्यंत जायचं आणि मग बोटांनी चित्र मोठं करत राहायचं. बऱ्याच वेळाने समुद्रात दहा-अकरा कण दिसतात. अंबोनहून जलद बोटीने तिथे पोचायला पाचसहा तास लागतात, तेही समुद्र शांत असेल तर. मुख्य गाव बांदा नेरा. तिथल्या एका घरगुती लॉजच्या मालकिणीने आम्हा तिघांसाठी दिवसभराची एक होडी ठरवून दिली. लांबट लाकडी होडी, मागे इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. नावाडी साठीच्या आसपासचे. तिकडे थोर माणसाला ‘पाक’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना पाकच म्हणत होतो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला इंडोनेशियन. फोनवरचं भाषांतराचं ॲप नेटवर्क असेतोवर चाललं. पुढे हातवारे आणि हसणं.

नेराच्या समोर, एका अरुंद खाडीपलीकडे, गुनुंग अपी उभा आहे. नावाचा अर्थच अग्निपर्वत. समुद्रातून सरळ वर आलेला सहाशेहून जास्त मीटरचा सुळका. १९८८ च्या मे महिन्यात तो फुटला आणि लाव्हा उत्तरेच्या उतारावरून समुद्रात गेला. पाकनी होडी तिथे थांबवली. वर काळा, ओरखडल्यासारखा दगड आणि पाण्याखाली त्याच दगडावर प्रवाळांची ताटं एकमेकांवर चढलेली. इथली प्रवाळं आश्चर्य वाटावं इतक्या लवकर परत वाढली, म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात. मी चष्मा लावून डोकं पाण्यात घातलं आणि सुमारे अर्धा तास बाहेर काढलं नाही. त्याबद्दल आणखी लिहीत नाही, समुद्राखालचे फोटो आजकाल सगळेच टाकतात.

तिथून पश्चिमेला आय आणि त्याच्याही पलीकडे रुन. वाटेत वेळ भरपूर होता, म्हणून मागची हकीगत इथेच सांगतो.

जायफळ आपल्याला इतकं घरचं वाटतं की ते कुठून तरी ‘आलेलं’ असेल हे डोक्यातच येत नाही. श्रीखंडात, पुरणात, बासुंदीत. बाळगुटीत सहाणेवर दोन वेढे उगाळलेलं. संस्कृतात जातिफल, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याचे गुण दिलेले. लवंगही तशीच, कालिदासाच्या ‘रघुवंशा’त दूरच्या द्वीपांवरून येणाऱ्या लवंगांचा वास आहे. पण जायफळाचं झाड एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यापारी प्रमाणात या दहा-अकरा कणांवरच वाढत होतं. म्हणजे हजारभर वर्षं भारतात, अरबस्तानात, चीनमध्ये, युरोपात ज्याने ज्याने जायफळ किसलं, त्याचं ते फळ इथल्याच एखाद्या झाडावरून उतरलेलं होतं. त्याच फळाच्या आत, बीच्या कवचावर लालभडक जाळी असते. ती वाळली की जायपत्री. एका झाडाचे दोन मसाले, दोन वेगळे भाव.

बांदाचे लोक हे फळ विकून जगत. बेटांवर भात पिकत नव्हता. तांदूळ आणि साबुदाणा बाहेरून यायचा, कापड गुजरातेतून. सुरतेकडचं आणि खंबायतकडचं कापड मलाक्क्यामार्गे इथवर यायचं आणि त्याच्या बदल्यात जायफळ-जायपत्री परत जायची. राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे गावोगावचे प्रतिष्ठित, धनिक लोक एकत्र बसून निर्णय घ्यायचे. आलेल्या प्रत्येकाशी व्यापार करायचा आणि कोणा एकाच्या हाती सगळं द्यायचं नाही, असं त्यांचं साधारण धोरण. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्याच्याकडे एकच वस्तू विकायला आहे आणि जेवणही विकतचं आहे, त्याने एकाच गिऱ्हाईकावर अवलंबून राहायचं म्हणजे उपाशी मरायची तयारी ठेवायची.

पोर्तुगीज आले ते आपल्याच किनाऱ्यावरून. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, आणि तिथून लगेच अँटोनियो द अब्रेऊच्या हाताखाली जहाजं पाठवली, ती १५१२ मध्ये बांदाला पोचली. लागोपाठ तीन वर्षं. शाळेत गोव्याचा धडा वेगळा, युरोपीयांच्या आगमनाचा वेगळा, आणि इंडोनेशिया तर अभ्यासक्रमातच नाही. पण अल्बुकर्कच्या दृष्टीने मांडवीच्या काठापासून या खाडीपर्यंतचा तो एकच रस्ता होता. पोर्तुगीजांना बांदावर मात्र नीट बस्तान बसवता आलं नाही.

डच आले १५९९ मध्ये. १६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली, डच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला व्हीओसी म्हणतात. शेअर बाजाराचा नाद असलेल्यांना हे नाव माहीत असेल, कारण सामान्य लोकांना शेअर विकून उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. सनदेनुसार तिला किल्ले बांधायचा, तह करायचा आणि युद्ध करायचा अधिकार होता. मी ज्या कंपनीत काम करतो तिलाही शेअरहोल्डर आहेत आणि दर तिमाहीला आम्हा सगळ्यांना आकड्यांची एक फाइल दाखवली जाते. व्हीओसीबद्दल वाचताना मला सारखं वाटत होतं की तिची कागदपत्रं मला फारच सहज समजत आहेत.

कंपनीने ओरांग कायांपैकी काहींकडून करार लिहून घेतले: यापुढे जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. भाव कंपनी ठरवणार. बदल्यात डच जो माल आणत, त्यात उष्ण कटिबंधात निरुपयोगी असं लोकरीचं कापडही असे. जावाचे व्यापारी तांदूळ आणत होते, त्यांना हाकलायचं. असा करार बांदाचे लोक पाळतील ही अपेक्षाच विचित्र होती, आणि त्यांनी तो पाळला नाही. १६०९ मध्ये डच नौदलप्रमुख फरहूफ वाटाघाटीला आला असताना बांदाच्या लोकांनी त्याला आणि त्याच्या बरोबरच्या बऱ्याच जणांना दबा धरून मारलं. त्या ताफ्यात यान पीटरसोन कून नावाचा एक तरुण कारकूनवजा व्यापारी होता. रोममध्ये एका व्यापारी पेढीत हिशेब शिकून आलेला.

याच सुमाराला इंग्रज शेजारच्या बेटांवर येऊन डचांपेक्षा बरा भाव देऊ लागले होते. डचांनी १६१६ मध्ये आय घेतलं. रुनच्या लोकांना पुढचा नंबर आपला हे कळत होतं. त्या वर्षीच्या डिसेंबरात नथानिएल कोर्टहोप दोन जहाजं घेऊन आला, तेव्हा त्यांनी इंग्लंडच्या राजाचं आधिपत्य मान्य करून टाकलं. कोर्टहोप मूठभर माणसांसह जवळजवळ चार वर्षं रुन धरून बसला. जहाजं गेली, मदत आली नाही, आणि १६२० मध्ये रात्री होडीतून जाताना डचांनी त्याला गाठून मारलं. इंग्रजीत या माणसावर लोकप्रिय पुस्तक आहे. शूर होता यात शंका नाही. पण त्याच्या पुस्तकांत रुनचे लोक बहुधा पार्श्वभूमीला असतात, जणू ते बेट त्याच्या शौर्यासाठीच समुद्रात ठेवलेलं होतं.

पाकनी होडी रुनच्या धक्क्याला लावली तेव्हा अकरा वाजले असतील. बेट फार तर तीन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरही रुंद नाही. धक्क्यावरून गावात जायला चढाच्या पायऱ्या. पत्र्याची छपरं, मशीद, अंगणांत ताडपत्रीवर वाळत घातलेली जायफळं आणि लाल जायपत्री. वास आपल्या मसाल्याच्या डब्यासारखाच, फक्त जरा ओला. पोरं मागे लागली. एका आजीबाईंनी आम्हाला पिकलेलं फळ फोडून दाखवलं: पिवळट, जर्दाळूएवढं, मधोमध चिरलेलं, आत लाल जाळीत गुंडाळलेली काळपट चकचकीत बी. गर त्या फेकत नाहीत, मुरंबा करतात. तो सकाळी नेऱ्याला आम्ही पावाला लावून खाल्लाच होता. कोकणात माडा-पोफळींच्या बागेत जायफळ लावणारे गराचं लोणचं घालतात, हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांना किती कळलं कोण जाणे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ नावाची जात काढली आहे, ते तर हातवाऱ्यांनी सांगणं शक्यच नव्हतं.

गावामागे झाडं दाट आहेत. वर उंच कनारीची झाडं, त्यांच्या सावलीत जायफळाची. टोकाला छोटी टोपली आणि आकडा लावलेल्या लांब बांबूने फळ तोडतात. आज दिसणारी झाडं मात्र कोर्टहोपच्या काळातली नव्हेत, कारण त्यानंतर रुनवरची जायफळं डचांनी मुद्दाम तोडून टाकली होती. इंग्रजांना कागदावर बेट मिळालंच, तरी हाती काही लागू नये म्हणून. त्या फोटोवाल्या गोष्टीत हे कधीच नसतं. १६६४ मध्ये इंग्रजांनी न्यू ॲमस्टरडॅम घेतलं होतं, रुन डचांच्या हातात होतं, आणि जुलै १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्याकडे जे आहे ते त्याने ठेवावं. कोणी टेबलावर दोन बेटं ठेवून अदलाबदल केली नाही. सहा वर्षांनी डचांनी न्यूयॉर्क परत जिंकलंही आणि १६७४ च्या तहात पुन्हा देऊन टाकलं. आणि रुन तेव्हा कोणासाठी सोन्याची खाण नव्हतंच. झाडं तोडलेलं एक छोटं बेट होतं, दुसऱ्याला मिळू नये एवढीच त्याची किंमत.

रुनच्या टोकाला नैलाका नावाचा वाळूचा पट्टा आहे. आम्ही तिथे डबा खाल्ला: भात, टूना आणि तिखट. परतताना आयला थांबलो, डचांचा पडका किल्ला पाहिला. त्याचं नाव ‘रिव्हेंज’, सूड.

संध्याकाळी पाकनी होडी मुद्दाम दक्षिणेकडून, बांदा बेसारच्या कडेने आणली. हे सगळ्यांत मोठं बेट, जुन्या कागदांत लोंथोर. डोंगराची लांबलचक भिंतच समुद्रातून उभी राहिलेली. पाकनी वर बोट दाखवलं आणि तळहात गळ्यावरून फिरवला. ॲपची गरज लागली नाही.

१६२१ मध्ये कून परत आला तो गव्हर्नर जनरल म्हणून, मोठा ताफा आणि दीड हजारांहून जास्त युरोपीय सैनिक घेऊन. बरोबर पगारी जपानी लढवय्येही होते. काही दिवसांत लोंथोर पडलं. ओरांग काया शरण आले, त्यांनी शस्त्रं दिली, तटबंद्या पाडायचं कबूल केलं. सेलामोन गावात डच अधिकाऱ्याने गावकऱ्यांची मशीदच आपल्या माणसांना राहायला घेतली. २१ एप्रिलच्या रात्री तिथे एक दिवा खाली पडला. तो आवाज म्हणजे हल्ल्याची खूण आहे असं समजून डचांनी अंधारात गोळ्या झाडायला सुरुवात केली. अमिताव घोष यांचं ‘द नटमेग्ज कर्स’ हे २०२१ चं पुस्तक याच दिव्यापासून सुरू होतं. पण तो दिवा पडला नसता तरी दुसरं काही तरी पडलंच असतं. कूनला बांदा रिकामं हवं होतं, आणि त्याने तसं आधीच ठरवलेलं होतं.

८ मे रोजी नेऱ्याच्या नासाऊ किल्ल्याबाहेर ४४ ओरांग कायांना बांबूच्या कुंपणात उभं केलं. कटाचा आरोप छळ करून वदवून घेतलेल्या कबुलीवर उभा होता. जपानी लढवय्यांनी तलवारीने त्यांचे तुकडे केले आणि ते बांबूंवर लावून ठेवले. त्या जागी हजर असलेल्या एका डच अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलं आहे. बाकीचे निमूटपणे मेले, एकाने मात्र डच भाषेत विचारलं की तुमच्यात दयामाया नाही का. लिहिणाऱ्याला स्वतःलाही तो प्रकार आवडला नव्हता, हेही त्यात येतं.

त्यानंतर गावं जाळली गेली. लोक डोंगरात पळाले, तिथे त्यांना वेढून अन्न तोडलं. उपासमारीने, रोगाने, कड्यावरून उड्या टाकून माणसं मेली. शेकडोंना गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेलं. बांदाची लोकसंख्या आधी साधारण १५,००० असावी असा अंदाज नेहमी दिला जातो. मागे हजारभर उरले. कंपनीच्या संचालकांनी कूनच्या क्रूरपणाबद्दल थोडी नाराजी कळवली आणि बक्षीसही दिलं.

कूनची पत्रं वाचली की दिसतं, तो चिडून काही करत नव्हता. त्याच्या डोक्यात अख्ख्या आशियाचा हिशेब होता: गुजरातचं कापड सुमात्राला नेऊन मिरी घ्यायची, कोरोमंडलचं कापड बांताममध्ये खपवायचं, असं एका बंदराच्या मालावर दुसऱ्या बंदरात माल घेत जायचं, म्हणजे हॉलंडहून पैसा पाठवावा लागणार नाही. बारकाईने बसवलेली व्यवस्था होती आणि त्या व्यवस्थेत बांदाचे लोक बसत नव्हते. प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये ‘हा भाग काढून टाकू’ असं आम्ही दिवसातून चारदा म्हणतो. त्या चौकटीत कधीकाळी माणसं होती, एवढाच तो फरक. तो लहान नाही हे मलाही कळतं, पण होडीत बसून मला तेच आठवत होतं.

रिकामी बेटं कंपनीने ६८ मळ्यांत वाटली. एकेका मळ्याला ‘पेर्क’ म्हणत. मळेवाले युरोपीय, काम करणारे गुलाम, आणि हे गुलाम आशियाभरातून आणलेले, त्यांत भारताच्या किनाऱ्यांवरून नेलेलेही होते. आपल्या वेंगुर्ल्याला १६३७ पासून याच कंपनीची वखार होती. तिचे अवशेष आजही उभे आहेत, आणि तिथून घाटावर जो मसाला चढायचा त्यात याच मळ्यांचा माल असे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात माणसं गुलाम म्हणून विकत घ्यायला आणि बाहेर न्यायला स्पष्ट बंदी घातली होती. आपण हे कलम अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण तिथून नेलेली माणसं जात कुठे होती, हा पुढचा प्रश्न मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेला नाही. त्या जहाजांच्या वाटा बटाव्हियाकडे जात होत्या आणि बटाव्हियाहून इथे.

मक्तेदारी राखायला कंपनी जायफळं चुन्यात बुडवून पाठवायची, म्हणजे कोणाला ती रुजवता येऊ नयेत. ते पक्ष्यांना मात्र लागू नव्हतं. इथली कबुतरं फळ अख्खं गिळतात आणि बी दूर नेऊन टाकतात. शेवटी माणसांनीही चोरलंच. १७७० च्या सुमाराला पिएर प्वाव्रने मॉरिशसला रोपं नेली. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी बांदा घेतलं तेव्हा त्यांनी रोपं पेनांग, श्रीलंका अशी सगळीकडे लावली. पुढे ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात पोचली, आणि त्या देशाच्या झेंड्यावर आज जायफळ आहे. बांदाचा भाव पडला. गुलामगिरी संपायला १८६० उजाडलं.

नंतर ही बेटं इतकी आडबाजूची झाली की डच सरकारने ती राजकीय कैद्यांसाठी वापरली. मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर १९३६ ते १९४२ नेऱ्याला नजरकैदेत होते. हत्तांनी पेट्याच्या पेट्या पुस्तकं आणली. दोघे गावातल्या मुलांना शिकवत, शाहरीर त्यांना होडीतून शेजारच्या बेटांवर नेत. एक पुढे स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले, दुसरे पहिले पंतप्रधान. १९४७ मध्ये डचांची नाकेबंदी चुकवून शाहरीरना विमानाने भारतात आणलं ते बिजू पटनाईकांनी. आज इथल्या दोन बेटांना हत्ता आणि शाहरीर अशी नावं आहेत. कूनचा पुतळा हॉलंडमध्ये होर्नच्या चौकात आहे. २०११ मध्ये तो एका यंत्राचा धक्का लागून पडला, पुन्हा उभा केला, आणि आता खाली त्याच्या कृत्यांबद्दल दोन कडक वाक्यं आहेत.

नेऱ्याला परतलो तेव्हा अंधारत आलं होतं. पाकनी होडी बांधली आणि पैसे न मोजताच खिशात टाकले. गल्लीत परिगी रांते नावाची जुनी विहीर आहे. तिच्यापाशी १६२१ मध्ये मारलेल्यांची नावं कोरून लावली आहेत. गावातले पुरुष सणाला ‘चाकालेले’ नाच करतात, तोही त्यांच्याच आठवणीचा. नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज जावा, सुलावेसी, बुतोन अशा ठिकाणांहून आलेले किंवा आणलेले. मेलेल्यांशी रक्ताचं नातं फारसं नसलेल्या लोकांनी त्यांचं सुतक चारशे वर्षं पाळलं आहे.

आणि बांदाची मूळ भाषा बांदावर आज कोणी बोलत नाही. १६२१ मध्ये जे होड्यांतून निसटले त्यांतले काही पूर्वेला शेकडो किलोमीटरवर काई बेटांना लागले. तिथल्या दोन गावांची नावं बांदा एली आणि बांदा एलात. त्या गावांत ती भाषा अजून घराघरात आहे. सरकारी जहाज नेऱ्याहून पुढे तुआलला, म्हणजे काईलाच जातं. आमची रजा संपली होती, म्हणून आम्ही उलट दिशेचं, अंबोनचं तिकीट काढलं.